श्रवण, पृच्छा आणि शोध
(लीळाचरित्राच्या घडणीवरून श्रवणधर्माचा अभ्यास)

मार्गामध्ये निरूपणाचे महत्त्व सर्वमान्य आहे. महंत, भिक्षुक, तपस्विनी, उपदेशी, वासनिक या सर्वांचा दिवस कोणत्या ना कोणत्या रूपाने शास्त्रवचनाशी जोडलेला असतो. निरूपण कोणी करावे, कसे करावे, वक्त्याचा अभ्यास किती असावा, याविषयी वारंवार बोलले जाते. परंतु निरूपणाच्या दुसऱ्या अंगाचा, म्हणजे श्रवणाचा, विचार त्या मानाने थोडा होतो. श्रोत्याने शांत बसावे, मधूनमधून मान डोलवावी आणि शेवटी दंडवत करून उठावे, एवढ्यात श्रवण झाले असे समजले जाते. वक्त्याने सांगितलेले श्रोत्याच्या ठायी कोणत्या रूपाने उतरले हे पाहण्याची सोय राहत नाही. आणि ती राहत नाही याची खंतही सहसा कोणास वाटत नाही.

वस्तुतः महानुभाव वाङ्मयाचा पाया ज्यांनी घातला ती मंडळी प्रथम श्रोते होती. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी स्वहस्ते ग्रंथ लिहिला नाही. लीळाचरित्र, सूत्रपाठ, दृष्टांतपाठ असे जे धन आज हाती आहे, ते ऐकणाऱ्यांनी ऐकले, पुसले, आठवले, एकमेकांशी ताडून पाहिले आणि मग लिहिले, म्हणून आहे. तेव्हा खरे श्रवण कसे असते, याचे उत्तर शोधावयास दूर जावे लागत नाही. हे ग्रंथ कसे घडले एवढे नीट पाहिले, तरी श्रवणधर्माचा सगळा पाठ त्यातच सापडतो.

श्रवणाची चार अंगे

अभ्यासाच्या सोयीसाठी श्रवणाची चार अंगे करता येतात. ही विभागणी सूत्रोक्त नव्हे. विषय उलगडावा एवढ्यापुरतीच ती आहे.

पहिले अंग अवधान. कानावर शब्द पडत असताना मन तेथेच असणे, म्हणजे अवधान. दुसरे अंग ग्रहण. शब्दांचा अन्वय लावून वक्त्याचा अभिप्राय धरणे, हे ग्रहण. तिसरे अंग पृच्छा. जेथे अभिप्राय धरता आला नाही, किंवा दोन अभिप्राय संभवतात असे दिसले, तेथे नम्रपणे विचारणे, ही पृच्छा. चौथे अंग प्रतिनिवेदन. आपणास जे कळले ते वक्त्यापुढे किंवा जाणत्यापुढे परत मांडणे आणि ते बरोबर की चूक याचा निवाडा मागणे, हे प्रतिनिवेदन.

पहिली दोन अंगे श्रोत्याच्या आत घडतात. बाहेरच्या कोणास ती दिसत नाहीत. श्रोता तल्लीन दिसतो, पण त्याने अर्थ उलटा धरलेला असू शकतो. म्हणून उरलेली दोन अंगे अवश्य आहेत. व्यवहारातले उदाहरण घेतले तर, वैद्य रोग्यास चूर्ण देतो आणि ते कशाबरोबर, केव्हा, किती घ्यावे ते सांगतो. रोगी ‘होय’ म्हणतो. जाणता वैद्य त्या ‘होय’वर विसंबून राहत नाही. ‘आता घरी गेल्यावर कसे घेणार ते सांगा,’ असे तो म्हणतो. रोगी सांगू लागला म्हणजे पुष्कळदा असे उघड होते की जेवणानंतर घ्यावयाचे औषध तो उपाशीपोटी घेणार होता. ही चूक औषधात नव्हती आणि वैद्याच्या ज्ञानातही नव्हती. सांगणे आणि ऐकणे यांच्या मधल्या अंतरात ती होती, आणि परत सांगितल्यानेच ती सापडली.

देहाच्या औषधाविषयी जर इतकी सावधगिरी लागते, तर ज्या वचनावर साधकाचा सगळा आचार उभा राहावयाचा, त्याविषयी किती लागावी?

महदाइसांची पृच्छा

लीळाचरित्र वाचताना एक गोष्ट पदोपदी जाणवते. स्वामींचे निरूपण सहसा सभेतील व्याख्यानासारखे, एकतर्फी असे नाही. कोणी काही पुसले आहे, कोणाच्या हातून काही घडले आहे, कोणाच्या मनात शंका उभी राहिली आहे, आणि तिच्या निमित्ताने निरूपण झाले आहे. वाटेने चालताना, नदीकाठी, देवळाच्या ओसरीवर, भोजनाच्या वेळी असे प्रश्न उत्पन्न होतात आणि त्या त्या पुसणाऱ्याच्या अधिकाराप्रमाणे उत्तर मिळते.

या पुसणाऱ्यांमध्ये महदाइसांचे नाव अग्रभागी आहे. श्रीनागदेवाचार्यांच्या या चुलत भगिनी पूर्वी रामदेव दादोसांच्या शिष्या होत्या. स्वामींच्या सन्निधानी आल्यावर त्यांनी जे ऐकले ते मुकाट्याने स्वीकारून ठेवले नाही. कळले नाही ते विचारले. कळले असे वाटले तेही विचारून निश्चित करून घेतले. त्यांच्या प्रश्नांमुळे कितीतरी गोष्टींचे निरूपण झाले आणि पुढील पिढ्यांना लाभले. त्यांच्या या जिज्ञासू आणि चर्चक स्वभावाचा गौरव स्वतः स्वामींनी केल्याची नोंद लीळाचरित्रात आहे. विशेष हे की हा गौरव त्यांच्या पाठांतराचा नाही. पुसत राहण्याचा आहे.

याच महदाइसांनी पुढे ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहलीळेच्या प्रसंगी धवळे गाइले आणि मराठीतील आद्य कवयित्री म्हणून त्यांची गणना झाली. ज्यांना त्यांच्या काव्याचा विस्मय वाटतो त्यांनी त्यांच्या श्रवणाकडेही पाहावे. वर्षानुवर्षे बारकाईने ऐकणे आणि पुसणे ज्याने केले आहे, त्याच्या मुखी प्रसंग येताच योग्य शब्द येतो, यात नवल नाही.

येथे वक्त्याच्या बाजूनेही एक गोष्ट लक्षात घ्यावयाची आहे. सर्वज्ञांना कोणी पुसण्याची गरज नव्हती असे म्हणता येईल. तरीही त्यांनी पुसणाऱ्यास थांबविले नाही. उलट त्याच्या पुसण्यास मान दिला. पुसणारे पुष्कळदा निरक्षर होते, वृद्ध होते, स्त्रिया होत्या. तेराव्या शतकातील समाजात ज्यांनी शास्त्राविषयी तोंड उघडू नये असे मानले जाई, त्यांच्या प्रश्नांची उत्तरे स्वामींनी दिली आणि तीही त्यांच्याच बोलीत दिली. आज जो कोणी व्यासपीठावर बसतो आणि श्रोत्याच्या प्रश्नाने अस्वस्थ होतो, त्याने हे स्मरण ठेवावयास हवे.

प्रसंग सुटला की अर्थ सुटतो

पुसणाऱ्यामुळे निरूपण घडते, याचा एक मोठा परिणाम आहे. वचनाचा अर्थ त्या वचनात जितका असतो तितकाच तो कोणास, कोठे आणि कोणत्या प्रश्नावर सांगितले यातही असतो. केशिराजबासांनी लीळांतून स्वामींची वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. पाठांतराला आणि विचाराला ही मोठी सोय झाली. परंतु वचन लीळेतून वेगळे काढले की त्याचा प्रसंग मागे राहतो, ही अडचणही पूर्वाचार्यांच्या ध्यानी आली. म्हणून सूत्रांच्या भाष्यपरंपरेत ‘प्रकरणवश’ निर्माण झाले. सूत्र कोणत्या निमित्ताने आणि कोणाप्रत निरूपिले गेले, हे सांगणे हेच त्याचे काम.

एक कल्पित उदाहरण पाहावे. समजा, एका साधकास ज्वर आला आहे, त्यास चालवत नाही, आणि त्याने पुसले असता त्यास गुरूंनी ‘येथेच असावे’ असे सांगितले. हे वाक्य शेजारी बसलेल्या दुसऱ्याने ऐकले. ज्वराची गोष्ट त्यास ठाऊक नाही. पुढे दहा वर्षांनी तो म्हणू लागेल की एका स्थानी वास करण्याची गुरूंची आज्ञा आहे. वाक्य त्याने बनविलेले नाही. अक्षरही बदललेले नाही. तरीही नित्याटनाच्या आचाराला बाध आणणारा एक खोटा विधी त्या खऱ्या वाक्यातून उत्पन्न झाला. त्याने त्याच वेळी एवढेच पुसले असते की ही आज्ञा सर्वांस आहे की यास आहे, तर अनर्थ टळला असता.

यावरून श्रोत्याची जबाबदारी किती आहे ते दिसते. खोटे बोलणारा एक दोष करतो; अर्धे ऐकून पूर्ण सांगणारा त्याहून मोठा दोष करू शकतो, कारण त्याच्या प्रामाणिकपणावर लोकांचा विश्वास असतो.

वादी म्हाइंभट आणि श्रोते म्हाइंभट

लीळाचरित्राचे कर्ते म्हाइंभट हे सराळ्याचे विद्वान. प्राभाकर मीमांसेत ते निष्णात होते. पांडित्याचा अभिमान असा की दिवसाढवळ्या दिवटी पेटवून ते हिंडत, अशी त्यांची ख्याती सांगितली जाते. वादात समोरच्यास जिंकावे, या वृत्तीने ते गोदातीरी डोमेग्रामी स्वामींच्या दर्शनास आले. तेथे त्यांचा अभिमान गळाला.

न्यायशास्त्रात संभाषणाचे तीन प्रकार सांगितले आहेत. दोघांनाही सत्य हवे असते तेव्हा तो वाद. जिंकणे हाच हेतू असतो तेव्हा तो जल्प. स्वतःचे मत न मांडता दुसऱ्याचे केवळ खंडन करावयाचे असते तेव्हा ती वितंडा. जल्प करणारा समोरच्याचे बोलणे ऐकतो खरा, पण त्यातील छिद्र शोधण्यासाठी ऐकतो. त्याचे अवधान तीव्र असते. त्याचे ग्रहणही कधी कधी अचूक असते. तरीही ते श्रवण होत नाही, कारण ऐकून बदलण्याची त्याची तयारी नसते. म्हाइंभटांची विद्या आधी जशी होती तशीच नंतरही होती. बदलला तो तिचा उपयोग. जी सूक्ष्म बुद्धी दुसऱ्याच्या वाक्यातील दोष हुडकीत होती, तीच पुढे साक्षीदाराच्या आठवणीतील नेमकेपणा हुडकू लागली.

तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. भक्तजन श्रीनागदेवाचार्यांसह ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. आचार्य एकांती लीळांचे स्मरण करीत. म्हाइंभटांनी ते पाहिले आणि आपण काय करीत आहात असे पुसले. लीळा आठवीत आहोत, असे कळल्यावर त्या लिहून ठेवाव्यात ही कल्पना पुढे आली. मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथाचा आरंभ असा एका पृच्छेतून झाला आहे. त्या दिवशी म्हाइंभट काही न पुसता निघून गेले असते, तर त्या आठवणी आचार्यांच्या ठायीच राहिल्या असत्या.

पुढे त्यांनी जे केले ते श्रवणाच्या दृष्टीने फार मननीय आहे. आचार्यांकडून मिळाले तेवढ्यावर ते थांबले नाहीत. जी लीळा ज्यांच्या संबंधाने घडली, जे त्या वेळी उपस्थित होते, त्यांच्याकडे ते गेले. गावोगाव हिंडून त्यांनी साक्षीदार शोधले आणि त्यांच्या मुखातून ऐकले. ऐकलेले आणून पुन्हा आचार्यांच्या पुढे ठेवले, आणि आचार्यांनी निश्चित केले ते घेतले. ऋद्धिपुरी वाजेश्वरीच्या स्थानी बसून हा ग्रंथ सिद्ध झाला. परंपरेने त्याचा काळ इ. स. १२७८ च्या सुमाराचा मानला जातो. श्रीगोविंदप्रभूंच्या प्रयाणानंतर त्यांचे चरित्रही म्हाइंभटांनीच सिद्ध केले.

या कार्यपद्धतीत वर सांगितलेली चारही अंगे स्पष्ट दिसतात. साक्षीदारापुढे बसून त्याचे बोलणे तुटू न देता ऐकणे हे अवधान. त्याच्या बोलीतील अभिप्राय धरणे हे ग्रहण. स्थळ कोणते, समयी कोण होते, आधी काय झाले, हे विचारणे ही पृच्छा. आणि सर्व गोळा करून आचार्यांपुढे परत मांडणे हे प्रतिनिवेदन. एवढा मोठा पंडित, परंतु लीळेत त्याने स्वतःच्या पांडित्याची भर घातली नाही. वाक्ये लहान, साधी, बोलल्यासारखी राहिली. वाचकास आजही बोलणाऱ्यांचा आवाज ऐकू येतो, याचे कारण लिहिणाऱ्याने स्वतःचा आवाज मागे ठेवला.

श्रोत्याची भाषा

संभाषण परिणामकारक व्हावे म्हणून वक्त्याने श्रोत्याची भाषा धरावी लागते. स्वामी मूळचे गुर्जर देशीचे. निरूपण मात्र त्यांनी मराठीत केले. ही परंपरा आचार्यांनी कशी जपली ते स्मृतिस्थळातील प्रसंगांवरून कळते. केशिराजबास संस्कृताचे मोठे जाणकार. शास्त्रप्रमेय संस्कृतात आणावे असे त्यांस वाटले. आचार्यांनी ते होऊ दिले नाही. संस्कृतात गेल्यास मार्गातील वृद्ध स्त्रिया त्यास मुकतील, हे त्यांचे कारण होते. पंडितांनी पुसावयाचे तेही मराठीतच पुसावे, असा त्यांचा आग्रह असे.

या निर्णयात संभाषणाचे एक मर्म आहे. वचन जर अशा भाषेत गेले की जी श्रोत्यास येत नाही, तर त्याचे श्रवण तर बंद होतेच, पण त्याची पृच्छाही बंद होते. ज्यास भाषा येत नाही तो चूक दाखवू शकत नाही, शंका विचारू शकत नाही, आणि मला असे आठवते असेही म्हणू शकत नाही. त्या वृद्ध स्त्रिया केवळ ऐकणाऱ्या नव्हत्या. त्या साक्षीदार होत्या. त्यांपैकी कित्येकींनी स्वामींस प्रत्यक्ष पाहिले होते, ऐकले होते. ग्रंथ त्यांच्या भाषेत राहिला म्हणूनच त्यास तपासणारे कान उरले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्या वेळी ज्या प्राचीन गद्याचा उल्लेख अभिमानाने झाला, ते मराठीत राहिले यास कारण हा श्रोत्यांचा विचार आहे.

केशिराजबासांनी ही आज्ञा किती मनापासून घेतली ते दृष्टांतपाठावरून दिसते. या ग्रंथात प्रत्येक ठिकाणी तीन भाग आहेत. प्रथम सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टांतिक केशिराजबासांचे. दृष्टांतातील कोणती गोष्ट सिद्धांतातील कोणत्या गोष्टीच्या ठिकाणी समजावी, हे दार्ष्टांतिक जुळवून दाखवते. म्हणजे ते एका श्रोत्याचे प्रतिनिवेदनच आहे. वक्त्याने असे सांगितले, आणि त्याचा मेळ असा बसतो, हे श्रोता बोलून दाखवीत आहे. स्वामींचे वचन आणि आपला अन्वय यांची सरमिसळ न करता केशिराजबासांनी दोन्ही वेगवेगळे ठेवले, म्हणून पुढील अभ्यासकास मूळ वचनाशी तो अन्वय ताडून पाहता येतो. आज निरूपण करणाऱ्याने सूत्र कोठे संपले आणि आपले स्पष्टीकरण कोठे सुरू झाले हे एवढ्याच स्वच्छपणे सांगितले, तर श्रोत्यांचे अर्धे गोंधळ दूर होतील.

ग्रंथलोप आणि वासना

इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजीची देवगिरीवर स्वारी झाली आणि चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यादवांची सत्ता पूर्णपणे लयास गेली. त्या धामधुमीत मार्गातील मूळ पोथ्या नष्ट झाल्या, असे परंपरा सांगते. लिहिलेले गेले, उरले ते ऐकलेले. ज्यांनी पाठ केले होते, वारंवार श्रवण केले होते, त्यांच्या स्मरणातून लीळाचरित्र पुन्हा उभे करावे लागले. या संदर्भात आचार्यांच्या शिष्या हिराइसा यांचे नाव आदराने घेतले जाते. पुढे निरनिराळ्या आचार्यांच्या परंपरेने निरनिराळे पाठ सिद्ध झाले.

येथे या मंडळींनी दाखविलेला प्रामाणिकपणा विचार करण्याजोगा आहे. एकच लीळा दोघांना दोन प्रकारे आठवत होती. अशा वेळी एकाचे खरे मानून दुसऱ्याचे टाकून देणे सोपे होते. दोन्हींचे मिश्रण करून तिसरेच गोड रूप बनविणे त्याहून सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. भिन्न आठवण त्यांनी ‘वासना’ म्हणून नोंदली, आणि अधिक चौकशीने कळले ते ‘शोध’ म्हणून नोंदले. वाचकास आजही पोथीत ही भिन्न रूपे दिसतात. आपल्या आठवणीवर श्रद्धा असूनही दुसऱ्याच्या आठवणीस जागा देणे, हा श्रवणाचा परिपाक होय.

जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत सर्वांस परिचित आहे. त्याचा मुख्य रोख तत्त्वविचाराकडे आहे. येथे त्यातील श्रवणापुरता अंश घ्यावयाचा. ज्याच्या हाती पाय लागला त्याचा अनुभव खोटा नव्हता. ज्याच्या हाती कान लागला त्याचाही नव्हता. दोष एवढाच की आपल्या हाती आले तेवढाच हत्ती असे प्रत्येकाने धरले आणि शेजाऱ्यास पुसले नाही. वासना नोंदणाऱ्यांनी हा दोष टाळला. आपल्या हाती आले ते त्यांनी सांगितले आणि दुसऱ्याच्या हाती काय आले तेही लिहून ठेवले.

शंका आणि समाधान

येथे एक शंका संभवते. श्रोता सतत पुसू लागला तर श्रद्धा डळमळीत होईल, गुरूंचा मान राहणार नाही, असे काहींस वाटते.

याचे समाधान असे की पृच्छा आणि अश्रद्धा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अश्रद्ध मनुष्य सहसा पुसतच नाही. तो उठून जातो. जो पुसतो त्यास वचन मोलाचे वाटते, म्हणून ते चुकीचे धरले जाऊ नये याची त्यास काळजी असते. महदाइसांनी जन्मभर पुसले, त्यामुळे त्यांची निष्ठा उणावली नाही. म्हाइंभट पुसत गावोगाव हिंडले. त्यांच्या निष्ठेचे फळ आज सर्वांच्या हाती आहे.

मात्र पृच्छेचा प्रकार पाहिला पाहिजे. जल्पाच्या बुद्धीने विचारलेला प्रश्न समोरच्यास अडविण्यासाठी असतो. त्याचे उत्तर मिळाले तरी विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, कारण त्यास उत्तर नकोच होते. जिज्ञासेने विचारलेला प्रश्न साधा असतो, पुष्कळदा बालिशही दिसतो. वक्त्याने पहिल्यास शांतपणे थोडक्यात उत्तर द्यावे. दुसऱ्यास मनापासून आणि सावकाश द्यावे. दोन्हींस एकाच मापाने मोजून प्रश्नच बंद करणे हे योग्य नव्हे.

आजचा आचार

आज निरूपण ध्वनिक्षेपकावरून हजारोंपर्यंत जाते. मोबाइलवर ते साठवून घरोघरी ऐकले जाते. दूरदेशी राहणाऱ्या उपदेशी जनांस ही मोठी सोय झाली आहे. परंतु यंत्रातून येणाऱ्या निरूपणास पुसता येत नाही. तेच वाक्य दहा वेळा ऐकता येते, पण त्याचा प्रसंग कोणता, ते कोणास उद्देशून होते, याचे उत्तर त्यात नसेल तर दहा वेळा ऐकूनही मिळत नाही. शिवाय मोठ्या निरूपणातील एक लहानसा तुकडा कापून दुसऱ्यास पाठविला जातो, तेव्हा मागे सांगितलेल्या ज्वराच्या उदाहरणातील अनर्थ घडण्यास क्षणही लागत नाही. म्हणून साधन जितके दूर पोहोचणारे, तितकी पृच्छेची जोड अधिक आवश्यक.

यासाठी पुढील गोष्टी प्रत्येक आश्रमात आणि उपदेशी कुटुंबात करता येण्याजोग्या आहेत. निरूपण संपल्यावर थोडा वेळ केवळ प्रश्नांसाठी राखावा, आणि प्रथम प्रश्न विचारण्याचा मान वृद्ध स्त्रियांस व लहान मुलांस द्यावा. एका तरी श्रोत्याने आज काय ऐकले ते आपल्या शब्दांत परत सांगावे; चूक झाल्यास वक्त्याने ती दुरुस्त करावी आणि आपले सांगणे कोठे अपुरे पडले हेही त्यावरून पाहावे. सूत्र सांगताना त्याचे प्रकरण सांगितल्यावाचून पुढे जाऊ नये. दुसऱ्याकडून ऐकलेले सांगताना ते कोणाकडून ऐकले हे म्हणण्याची सवय ठेवावी. आणि दोघांच्या आठवणीत भेद आढळल्यास भांडण न करता दोन्ही लिहून ठेवावे आणि जाणत्यास पुसावे.

यांत नवीन काहीच नाही. म्हाइंभटांनी, केशिराजबासांनी, महदाइसांनी आणि हिराइसांनी जे केले, तेच लहान प्रमाणावर करावयाचे आहे. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे आज भाविक श्रद्धेने जातात आणि स्थानांस नमस्कार करतात. वाजेश्वरीच्या स्थानी नमस्कार करताना, येथे एका विद्वानाने बोलण्यापेक्षा ऐकण्याचे मोठे काम केले, एवढे स्मरण झाले तर त्या नमस्कारास अर्थ येईल. निरूपणाची पूर्णता श्रोत्याच्या ठायी होते. आणि ती झाली की नाही हे वक्त्यास कळण्याचा मार्ग एकच, की श्रोत्याने पुसावे आणि कळले ते परत सांगावे.

मननासाठी प्रश्न

१. अवधान, ग्रहण, पृच्छा आणि प्रतिनिवेदन यांपैकी कोणते अंग आपल्या नित्य श्रवणात उणे पडते?

२. आपणास पाठ असलेल्या एखाद्या सूत्राचे प्रकरण कोणते? ते कोणास आणि कोणत्या निमित्ताने निरूपिले?

३. दृष्टांतपाठातील कोणताही एक दृष्टांत घेऊन, दार्ष्टांतिक न पाहता त्याचा मेळ प्रथम स्वतः बसवावा. नंतर केशिराजबासांच्या दार्ष्टांतिकाशी तो ताडून पाहावा. कोठे भेद पडला आणि का?

४. वासना नोंदण्याची रीत पूर्वाचार्यांनी स्वीकारली नसती, तर आजच्या अभ्यासकाचे कोणते नुकसान झाले असते?

५. अलीकडे ऐकलेल्या निरूपणातील कोणती शंका संकोचामुळे विचारावयाची राहिली आहे? ती कोणास आणि केव्हा पुसावयाची?